नक्षी की पाटी? : शहरांच्या फलक-नियमांचं एक वाचन

आजचं भाषण नियमांबद्दल आहे, पण आमच्यात वकील कुणी नाही. आम्ही चौघं वास्तुरचना आणि भाषा या दोन विषयांच्या मधल्या पट्ट्यात वावरणारे. गेले काही महिने आम्ही एक जरा विचित्र वाचन करत होतो. अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांचे फलक-नियम, तिथे ज्याला साइन कोड म्हणतात, ते आम्ही एकत्र बसून वाचले. दुकानाची पाटी केवढी असावी, किती उंचीवर असावी, तिला दिवा कसला असावा, याचे हे नियम. प्रत्येक गावाचे वेगळे. त्यांच्याबद्दल आज समीक्षक म्हणून बोलायचं आहे. बोलणारा आवाज एक असला तरी वाचन चौघांचं आहे, म्हणून 'आम्ही'.

सुरुवात एका बेकरीपासून करू.

न्यू हॅम्पशायर राज्यात कॉन्वे नावाचं गाव आहे. डोंगराळ भाग, पर्यटकांची वर्दळ. तिथे लेव्हिट्स कंट्री बेकरी नावाची जुनी बेकरी आहे. 2022 मध्ये गावातल्या हायस्कूलच्या मुलांनी तिच्या दर्शनी भागावर एक चित्र रंगवलं. उगवता सूर्य, त्याची किरणं आणि खाली डोंगररांग. फक्त ते डोंगर दगडमातीचे नव्हते, डोनटचे होते. चॉकलेटचा एक डोंगर, स्ट्रॉबेरीचा एक, अधेमधे मफिन वगैरे. गावाला चित्र आवडलं. मग नगरपालिकेकडून निरोप आला की हे चित्र नाही, ही पाटी आहे. आणि पाटी म्हणून मोजली तर ती नियमापेक्षा चौपट मोठी आहे, सुमारे 90 चौरस फूट.

पाटी का? तर आत डोनट विकले जातात आणि भिंतीवर डोनट आहेत. चित्रात खरे डोंगर असते तर हरकत नव्हती, असं गावाच्या मंडळाचं म्हणणं पडलं. म्हणजे बघा, भिंत तीच, रंग तेच, आकारमान तेच, रंगवणारी मुलं तीच. डोंगर पाहून डोनट आठवला की पाटी, नाही आठवला की नक्षी. (हशा) बेकरीवाले 2023 मध्ये संघराज्य न्यायालयात गेले, फेब्रुवारी 2025 मध्ये सुनावणी झाली आणि मे 2025 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं, की नियम ज्या हेतूंसाठी केला आहे त्या हेतूंशी या अंमलबजावणीचा तर्काला धरून काही संबंध लागत नाही.

ही बातमी जगभर गंमत म्हणून वाचली गेली. आमच्या मते गंमत वरवरची आहे. कॉन्वेच्या अधिकाऱ्यांना हसून काही उपयोग नाही, कारण त्यांनी मूर्खपणा केला नव्हता. त्यांनी त्यांच्या हातातला मजकूर वाचला आणि मजकुराने सांगितलं तसं केलं. दोष त्या मजकुरात आहे.

तर मजकुराकडे वळू. फलक-नियम हा एक लेखनप्रकार आहे, आणि दहा-बारा वाचले की त्याचा साचा लक्षात येतो. पहिल्यांदा हेतू. तिथे दोन शब्द हटकून येतात, वाहतुकीची सुरक्षितता आणि गावाचं सौंदर्य. मग व्याख्या. मग कशाला परवाना लागत नाही त्याची यादी. मग काय चालणारच नाही त्याची यादी, आणि शेवटी फूट-इंचांची कोष्टकं. वाचणारे बहुतेक लोक थेट कोष्टकांकडे जातात. खरी भानगड व्याख्यांमध्ये असते.

पाटी म्हणजे काय? बहुतेक नियम इथे घाबरून जाळं खूप मोठं टाकतात. कुणी पळवाट काढू नये ही भीती. कॉन्वेचीच व्याख्या घ्या. रंग, आकार, चित्र, प्रकाश, चिन्ह किंवा अक्षरं वापरून लोकांना कुठल्याही प्रकारची माहिती देणारी जवळपास कुठलीही वस्तू, मग ती धंद्याची असो वा नसो, या व्याख्येत बसते. चर्चवरचा क्रूस बसतो. घड्याळाचा मनोरा बसतो. दारावर टांगलेली नाताळची माळ बसते. एवढं सगळं जाळ्यात आल्यावर गाव साहजिकच कासावीस होतं आणि एकेक मासा परत सोडू लागतं. ही सोडण्याची यादी, म्हणजे सवलतींची यादी, हा या लेखनप्रकारातला सगळ्यात मनोरंजक भाग. झेंडे सोडा. सणाची सजावट सोडा. कोनशिला आणि दगडात कोरलेलं इमारतीचं नाव किंवा साल सोडा. न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा तो तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब, तोही बऱ्याच गावांनी सोडला आहे. आणि याच यादीत कुठेतरी आमचा आजचा विषय येतो, तो म्हणजे इमारतीची सजावट.

शब्दरचना गावागणिक बदलते, पण मथितार्थ असा की जी सजावट इमारतीचा अविभाज्य भाग आहे आणि जी कुठलाही संदेश देत नाही, ती पाटी नव्हे. कॉर्निस, कमान, महिरप, खांब, विटांची नक्षी, सगळं मोकळं. अट एकच, तिने बोलता कामा नये.

आमचा पहिला आक्षेप इथे आहे. न बोलणारी नक्षी कुणी पाहिली आहे? आपल्याकडच्या वाड्याच्या दारावर गणेशपट्टी असते. ती नक्षी की पाटी? सुतार म्हणेल नक्षी, घरधनी म्हणेल देव, रस्त्यावरून जाणाऱ्याला ती सांगते की हे घर कुणाचं आहे आणि किती ऐपतीचं आहे. किंवा मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट बघा. विल्यम इमर्सनने रचलेली ही इमारत 1869 मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्या प्रवेशदारांवरची शिल्पपट्टी लॉकवुड किपलिंगची. रुडयार्डचे वडील, त्या वेळी इथल्या कलाशाळेत शिकवत होते. त्या पट्टीवर काय आहे? शेतकरी, शेतमाल. आणि आत काय विकत होते? कॉन्वेचा नियम लावला तर किपलिंगची पट्टी ही पाटी ठरते, आणि क्षेत्रफळात ती नक्की नापास होईल.

नक्षीची जुनी शहाणीव हीच होती. जिथे जे होतं तिथे त्याचं कोरीवकाम. धान्यबाजारावर कणसं, नाट्यगृहावर मुखवटे, बंदराच्या कचेरीवर नांगर आणि मासे. अशा औचित्याला वास्तुकलेत गुण समजत आले आहेत. फलक-नियमाने हाच गुण गुन्ह्याचा पुरावा करून टाकला. चित्राचा दुकानाशी काही संबंध नसेल तर ते कला, संबंध असेल तर जाहिरात. बेकरीवर मासे रंगवा, मासेवाल्याकडे डोनट रंगवा, कुणी काही म्हणणार नाही. अर्थ निसटलेली, उपरी सजावट तेवढी कायदेशीर.

कॉन्वे एकटं नाही. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये कुत्र्यांचं पाळणाघर चालवणाऱ्या एका दुकानाने 2010 च्या सुमारास आपल्या मागच्या भिंतीवर एक चित्र काढून घेतलं. भिंत समोरच्या उद्यानाकडे तोंड करून होती आणि ते उद्यान कुत्र्यांसाठीच राखलेलं. चित्र मोठं होतं, 16 फूट बाय 60. त्यात हसरी कुत्री, हाडकं, पंजांचे ठसे. त्यातली काही कुत्री दुकानाच्या बोधचिन्हातल्या कुत्र्यांसारखी होती. प्रशासनाने पाटी ठरवली. चित्रावर ताडपत्री टाकावी लागली. तोडगा म्हणून प्रशासनाने जे सुचवलं ते आम्ही पुन्हापुन्हा वाचलं. चित्रावर उद्यानात स्वागत करणारी एक ओळ लिहा, म्हणजे ती माहिती देणारी पाटी होईल आणि मग चालेल. अक्षरं वाढवली की पाटी कमी आक्षेपार्ह होते! इथे दुकान हरलं. अपील न्यायालयाने 2012 मध्ये प्रशासनाच्या बाजूने निकाल दिला.

त्याच्या एक वर्ष आधी सेंट लुइसमध्ये उलटं घडलं होतं. तिथे भिंतीवर तांबड्या वर्तुळात घोषणा रंगवली होती, सक्तीच्या भूसंपादनाचा गैरवापर थांबवा अशा अर्थाची, आणि त्यावर तिरकी रेघ. इमारतही भूसंपादनाच्या छायेतलीच. शहराने म्हटलं, बेकायदा पाटी. न्यायालयाने शहराच्या सवलतींची यादी वाचली. राष्ट्रीय, धार्मिक, नागरी चिन्हांना आणि कलाकृतींना सूट होती. न्यायालय म्हणालं, म्हणजे हेच आकारमान, हीच भिंत, पण मानचिन्ह असतं तर चाललं असतं. मजकूर पाहून ठरणारा नियम, म्हणून तो घटनेत बसत नाही.

या तिन्ही ठिकाणी निकाल काय लागला यापेक्षा आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते कारकुनाचं काम. रस्त्यावरची एक आकृती पाहून तिचा अर्थ काय, हे ठरवायला त्याला बसवलं आहे. आपण त्याला कलासमीक्षक बनवलं, आणि त्याच्या हातात प्रश्न एकच दिला, याचा धंद्याशी संबंध आहे का? आम्हीही समीक्षा करतो, म्हणून सांगतो, एवढ्या एका प्रश्नावर कुठलंही चित्र धड वाचता येत नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, कारण खरा अन्याय दोन टोकं शेजारी ठेवली की दिसतो.

1953 मध्ये मॅकडॉनल्ड बंधूंनी आपल्या हॅम्बर्गरच्या दुकानासाठी स्टॅन्ली मेस्टन या वास्तुरचनाकाराकडून एक आराखडा करून घेतला. इमारतीच्या दोन्ही बाजूंनी छपरातून वर जाणाऱ्या दोन पिवळ्या कमानी, निऑनच्या उजेडात न्हालेल्या. कमानींची कल्पना धाकट्या मॅकडॉनल्डची, रिचर्डची. तेव्हा कमान म्हणजे कमानच होती, इमारतीचा भाग. कॅलिफोर्नियात डाउनी इथे त्याच वर्षीचं एक दुकान अजून उभं आहे, ते पाहिलं की हे पटतं. तिरक्या कोनातून पाहिलं तर दोन कमानी एकात एक मिसळून इंग्रजी 'एम' दिसतो. 1960 च्या दशकात कंपनीने हे ओळखलं आणि कमानीचं बोधचिन्ह केलं. पुढे त्या इमारती गेल्या, उतरत्या छपराच्या नव्या इमारती आल्या, आणि कमानी खांबावर चढून पाटी झाल्या. जी वस्तू काल नक्षी होती ती आज पाटी. वस्तू तीच, फक्त आपण ती वाचायला शिकलो.

ॲरिझोनातल्या सेडोनाची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. तिथे तांबड्या खडकांचा देखावा आहे आणि गाव त्याला जपतं. 1993 मध्ये तिथे कमानी आल्या त्या पिवळ्या नाहीत, निळसर हिरव्या. लोक फोटो काढायला जातात. यातून गावाने नेमकं काय मिळवलं, यावर आमच्यात एकमत झालं नाही. एक जण म्हणतो, गाव जिंकलं. बाकीच्यांना वाटतं, कंपनीला जगातली सगळ्यात जास्त फोटो काढली जाणारी पाटी फुकट मिळाली.

पिझ्झा हटचं छप्पर हे त्याहून चांगलं उदाहरण. ते तांबडं, मधे उंचवटा असलेलं छप्पर 1960 च्या दशकातलं. वास्तुरचनाकार रिचर्ड बर्क. छपरावर एक अक्षर नव्हतं तरी चालायचं. त्यातल्या शेकडो इमारती कंपनीने सोडल्या. आज तिथे चिनी खाणावळी आहेत, सावकारी पेढ्या आहेत, अंत्यविधीची दुकानं आहेत, आणि अमेरिकेत लोकांचा हा छंदच झाला आहे, असं एखादं छप्पर दिसलं की ओळखायचं, हे पूर्वी पिझ्झा हट होतं. पाटी उतरवली, रंग बदलला, धंदा बदलला, तरी छप्पर बोलतंच आहे. आणि फलक-नियमांच्या दृष्टीने? छप्पर. वास्तूचा अविभाज्य भाग. क्षेत्रफळ शून्य.

इथे कुणी म्हणेल, अहो, छप्पर म्हणजे पाटी हे तुमचं समीक्षकी लाडिकपण आहे. नाही. हे कंपन्यांनी स्वतः न्यायालयात सांगितलं आहे. टेक्सासमध्ये टाको कबाना नावाची मेक्सिकन खाण्याची साखळी होती. टू पेसोज नावाच्या दुसऱ्या साखळीने तसंच रूप घेतलं, म्हणून खटला झाला आणि 1992 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टाको कबानाचा दावा कशावर होता? नावावर नाही, पाटीवर नाही. भडक रंगसंगती, भिंतीच्या माथ्यावर रंगाचा पट्टा आणि निऑनच्या रेघा, रंगीत कापडी छतं आणि छत्र्या, अंगणातली बैठक, भिंतीवरची चित्रं. या सगळ्या सजावटीचा मिळून जो ठसा उमटतो, त्यालाच कायद्यात ट्रेड ड्रेस म्हणतात. न्यायालयाने मान्य केलं की असा ठसा मुळातच वेगळा ओळखू येणारा असेल तर त्याला संरक्षण मिळू शकतं, लोकांच्या मनात तो आधीच रुजला आहे हे वेगळं सिद्ध करण्याची गरज नाही.

आता हे आणि फलक-नियम शेजारी ठेवा. भिंतीच्या माथ्यावरचा रंगीत पट्टा हा एका दालनात मालकाची ओळख सांगणारं चिन्ह आहे, इतकं स्पष्ट की त्याची नक्कल करणाऱ्याकडून भरपाई वसूल होते. शेजारच्या दालनात, नगरपालिकेच्या खिडकीवर, तोच पट्टा सजावट आहे आणि तो काहीही सांगत नाही. दोन्ही दालनांत अर्ज करणारा एकच. मोठ्या साखळीला हे दोन्ही कागद परवडतात, तिच्याकडे त्यासाठी माणसं असतात. कॉन्वेच्या बेकरीवाल्याने हायस्कूलच्या मुलांना बोलावलं आणि मुलांनी जे प्रामाणिकपणे सुचलं ते काढलं. डोनटच्या दुकानावर डोनट. जो सरळ बोलला तो अडकला.

आणि हे फक्त तिकडचं नाही. 2017 मध्ये मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या बाह्यरूपाची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. भारतात एखाद्या इमारतीची अशी ती पहिलीच नोंद. 1903 ची इमारत. तो घुमट, ती खिडक्यांची रांग, हे सगळं आता कायद्याने एका कंपनीचं चिन्ह आहे. आम्हाला यात काही गैर वाटत नाही. पण ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशी घुमटात काय बदललं, हा प्रश्न फलक-नियम लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावा. घुमट नक्षी राहिला का?

काही गावांना हे कळलं आहे, आणि त्यांनी उलटी तरतूद केली. साखळी दुकानांचे ठरावीक रंग, प्रकाशमान छतं, पेट्रोल पंपांच्या छताभोवतीचे उजळलेले पट्टे, हे सगळं पाटीच्या क्षेत्रफळात धरायचं. दिसायला न्याय्य आहे. पण मग परत तेच काम कारकुनाकडे, हा निळा रंग कंपनीचा की साधा निळा?

मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. पाटी मोजायची म्हणजे अक्षरांभोवती लहानात लहान चौकट आखायची आणि तेवढंच क्षेत्रफळ धरायचं. ज्यावर अक्षर नाही ती सजावट, ती सोडायची. परिणाम असा की जमिनीवर उभ्या पाट्यांचे चौथरे वाढत गेले. विटांचे, दगडांचे, वर कॉर्निस, बाजूला खांब. मधे छोटासा फलक आणि भोवती समाधी. नियमाने नक्षीला फुकट केलं की नक्षी सुजते. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. इमारतीच्या दर्शनी भागातले फ्लॉवर बेड, कोनाडे, पोकळ्या चटईक्षेत्रात धरत नव्हते, तेव्हा प्रत्येक मजल्यावर फुलझाडांची केवढी हौस होती! ताबा मिळाल्यावर फुलझाडं गेली आणि खोली तेवढी मोठी झाली. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलून हे सगळं मोजायला लागले, बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के फंजिबल चटईक्षेत्र मिळालं, आणि फुलांची आवड एकदम ओसरली. (हशा) सजावट म्हणून सूट दिली की सूट वापरण्यासाठी सजावट होते. ती मग कुणी डोळ्यांनी बघत नाही.

तर करायचं काय?

2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोनातल्याच गिल्बर्ट गावाच्या खटल्यात एक कडक उत्तर दिलं. तिथे एका छोट्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती, प्रार्थना कुठे आहे याच्या तात्पुरत्या पाट्या ते लावायचे. गावाने राजकीय पाट्यांना मोठा आकार आणि जास्त दिवस दिले होते, या दिशादर्शक पाट्यांना अगदी थोडे. न्यायालयाने म्हटलं, पाटी काय म्हणते यावरून वेगळे नियम लावले तर तो मजकुरावर आधारलेला नियम, आणि त्याला अत्यंत कठोर कसोटी लागेल. निकाल चर्चच्या बाजूने एकमताने लागला, पण कारणांवर मतभेद होते. न्यायमूर्ती केगन यांनी बजावलं की या वाटेने गेलो तर गावोगावचे साधे नियमही कोसळतील. 2022 मध्ये ऑस्टिनच्या खटल्यात न्यायालय थोडं मागे आलं. पाटी वाचावी लागते एवढ्यावरून नियम घटनाबाह्य होत नाही, असं म्हणालं. जागेवरची जाहिरात आणि जागेबाहेरची जाहिरात हा फरक चालेल.

आमचं मत सांगतो. आम्ही गिल्बर्टच्या बाजूला झुकतो, पण कायद्याच्या कारणाने नाही, वाचनाच्या कारणाने. नगरपालिकेने अर्थ मोजू नये. तिने उजेड मोजावा, क्षेत्रफळ मोजावं, रस्त्यापासूनचं अंतर मोजावं, लुकलुकणं मोजावं, कोपऱ्यावर गाडीवाल्याला पलीकडचं दिसतं का ते बघावं. भिंतीवरच्या चित्राला गावाने एक कमाल आकार ठरवावा किंवा ठरवू नये, पण तो डोंगराला आणि डोनटला एकच असावा. आणि सजावटीला पाटीच्या नियमांतून पूर्ण बाहेर काढून इमारतीच्या नियमांत ठेवावं, तिथे ती बोलते की नाही हे विचारूच नये.

यावर आमच्यातच जो आक्षेप निघाला तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. अर्थ मोजायचा नाही म्हटलं तर पहिला फायदा कुणाला? साखळीला. तिचं अख्खं दुकान एक भली मोठी पाटी होऊन उभं राहील आणि आपण म्हणू, छप्पर आहे, छपराचे नियम बघा. ज्या गावाला आपलं रूप जपायचं आहे, जिथे दहा दुकानांचा एकच बाजारपेठेचा रस्ता आहे, त्याच्या हातातलं एकुलतं एक हत्यार आपण काढून घेतो. हा आक्षेप खोटा नाही. आमचं उत्तर एवढंच की ते हत्यार आजही साखळीवर फारसं चालत नाही, ते चालतं बेकरीवाल्यावर, कुत्र्यांच्या पाळणाघरावर, भूसंपादनाविरुद्ध भिंत रंगवणाऱ्यावर. पण सेडोना मात्र आमच्या उत्तरात नीट बसत नाही, हे मान्य.

आणखी एक गोष्ट या नियमांना पकडता येत नाही, ती म्हणजे काळ. लाँग आयलंडवर फ्लँडर्स इथे काँक्रीटचं एक भलं मोठं बदक आहे. 1931 मध्ये एका बदकपालकाने बांधलं, 20 फूट उंच, डोळ्यांच्या जागी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे मागचे दिवे. आत शिरायचं आणि बदकं, अंडी विकत घ्यायची. रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी लास व्हेगासवरच्या 1972 च्या पुस्तकात इमारतींचे दोन प्रकार केले, बदक आणि सजवलेली शेड. एक स्वतःच चिन्ह असलेली, दुसरी साधी खोली आणि पुढे लावलेलं चिन्ह. बदकाचं नाव या बदकावरून आलं. हे बदक पाटीच होतं, दुसरं काही नव्हतं. 1997 मध्ये ते राष्ट्रीय वारसा-नोंदवहीत गेलं. क्वीन्समधली नदीकाठची पेप्सी-कोलाची जुनी निऑन पाटी 2016 मध्ये न्यूयॉर्क शहराने वारसा म्हणून जाहीर केली. म्हणजे एक खातं पाट्या उतरवत असतं आणि चाळीस-पन्नास वर्षांनी दुसरं खातं उरलेल्यांना कुंपण घालतं. कमानीचा प्रवास नक्षीकडून पाटीकडे झाला, यांचा पाटीकडून नक्षीकडे. कोष्टकात या प्रवासाला रकाना नाही.

आम्हाला मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या भोवतालच्या आर्ट डेको इमारती इथे आठवतात. नावं गिलाव्यातच उठावात काढलेली, जिन्याच्या उभ्या पट्टीबरोबर खाली उतरणारी अक्षरं. 2018 पासून तो सगळा भाग जागतिक वारसा आहे. अक्षरं पाटीची म्हणून मोजायची की भिंतीची म्हणून सोडायची? ज्यांनी ती काढली त्यांना हा प्रश्नच पडला नसता. पाटी नंतर ठोकायची वस्तू असते ही समजूत त्यानंतरची आहे, आणि आमचा संशय असा की ती समजूत नियमांनीच आपल्याला दिली.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो आणि थांबतो. विचारलं आहे, आपल्याकडच्या मराठी पाट्यांच्या नियमाला हे सगळं लागू होतं का? चांगला प्रश्न आहे. 2022 च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी हवं आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या कसोटीला हा नियम अर्धा उतरतो. त्याला मजकुराचा अर्थ लावावा लागत नाही, लिपी ओळखायची आणि उंची मोजायची. फूटपट्टीने होणारं काम आहे. त्याची अडचण दुसरीकडे आहे. तो अक्षरांपुरता आहे. मोठ्या साखळ्यांनी अक्षरं केव्हाच लहान केली, त्यांचं काम कमान करते, छप्पर करतं, कपाचा रंग करतो. तिथे मराठी अक्षर इंग्रजी अक्षराएवढं झालं तरी दोन्ही मिळून हाताएवढी असतात आणि वर दोन मजले पिवळं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची मात्र सगळी ओळख अक्षरांतच आहे, म्हणून बदल त्याला करावा लागला, रंगाऱ्याला पैसे त्याने दिले. आम्ही नियमाच्या विरोधात नाही, आमच्यातल्या दोघांनी तर त्याच्या बाजूने लिहिलंही आहे. पण मापायला अक्षरंच का निवडली, हे त्या लिहिण्यात आम्ही विचारलं नव्हतं.

वेळ संपल्याची खूण झाली आहे. बाकीच्या चिठ्ठ्या आमच्याकडे ठेवतो.